‘प’चा खंड गहाळ

मराठी माणसाचं कुणी ना कुणी पानिपतावर होतंच. १४ जानेवारी १७६१ या दिवशी ज्याचा पूर्वज आपल्या ओसरीवर बसून तिळगूळ खात होता, असा माणूस मला अजून भेटायचाय. सगळे गेले होते. आज जेवढी घराणी हा दावा सांगतात तेवढी खरोखरच तिकडे गेली असती, तर अब्दालीला तंबू ठोकायला जागा उरली नसती.

आमच्या घराण्याचं हे खातं अप्पाकाकांकडे आहे. वय एक्याण्णव, दात स्वतःचे आणि मतंही स्वतःची. “आपले खापरपणजोबा पानिपतावर होते” हे वाक्य त्यांनी प्रत्येक लग्नात, प्रत्येक श्राद्धात आणि एकदा वीजबिलाच्या रांगेत एका अनोळखी माणसाला ऐकवलंय. पुरावा म्हणून त्यांच्या देवघरातल्या पेटीत लाल फडक्यात गुंडाळलेला एक मोडी कागद आहे. ती सनद. दसऱ्याला शस्त्रांबरोबर तिलाही हळदकुंकू लागतं. शस्त्रं म्हणजे अडकित्ता, विळी आणि काकांच्या जुन्या स्कूटरचा पाना. कागद उलगडायची परवानगी कुणाला नाही, आणि उलगडला तरी तो वाचता कुणाला येत नाही.

मी सातारचा. नोकरी विम्याच्या कचेरीत झाली, आणि तिथे माझं काम लोकांच्या वयाचे दाखले तपासायचं. ती सवय सुटत नाही. एकदा मी काकांसमोर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मी १९५५चा, वडील १९२६चे, आजोबा १८९८चे, पणजोबा १८७०च्या आगेमागे. खापरपणजोबांना फार तर १८४०पर्यंत मागे नेता येतं. म्हणजे लढाई संपल्यावर एकोणऐंशी वर्षांनी ते जन्माला आले. काकांनी हिशेब दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “आपल्या घराण्यात सगळेच दीर्घायुषी.”

इतकी वर्षं हे घरातल्या घरात चाललं होतं. पण माझ्या पुतण्याची मुलगी ईरा न्यू जर्सीत सातवीत शिकते. तिला शाळेत घराण्याचा इतिहास लिहायला सांगितला. रविवारी रात्री व्हिडिओवर काकांनी तिला पानिपत ऐकवलं, हातवाऱ्यांसकट. पोरगी शांतपणे सगळं लिहून घेत होती. काका थांबल्यावर तिने विचारलं, “पणजोबा, सोर्स काय?”

दोन खंडांत शांतता पसरली. मग काका म्हणाले, “पुस्तकं तुझ्या आजोबांकडे आहेत. तो देईल काढून.”

पुस्तकं आहेत, हे खरं. काही वर्षांपूर्वी जवळच्या एका गावातलं वाचनालय बंद पडलं. तेव्हा केतकरांच्या ज्ञानकोशाचे एकोणीस खंड मी टेम्पोत घालून घरी आणले. मूळ खंड तेवीस. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेलला डॉक्टर होऊन आले आणि १९१६मध्ये त्यांनी हे काम अंगावर घेतलं. त्यासाठी चक्क लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गोळा केले. बारा वर्षांत काम तडीस नेलं आणि मग त्या बारा वर्षांवर वेगळं पुस्तक लिहिलं. पण मला खरी कणव येते ती त्या पहिल्या वर्गणीदारांची. आगाऊ पैसे भरून माणूस ‘अ’ची वाट पाहतोय आणि पोस्टाने येतोय प्रस्तावनाखंड. एक नव्हे, पाच! हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. ‘अ’ सुरू होतो सहाव्या खंडात. आपल्याकडे कार्यक्रमाला प्रमुख पाहुण्यांच्या आधी पाचजण बोलतात, त्याची शिस्त बहुधा इथूनच लागली असावी. केतकरांनी पुढे कादंबऱ्याही लिहिल्या. त्यांतली पात्रं एकमेकांशी बोलायला लागली की ज्ञानकोशाची पानं उलटल्यासारखं वाटतं, पण ते असो.

मी ‘पानिपत’ काढायला गेलो. ‘न’ होता, ‘ब’ होता. ‘प’ नव्हता.

गहाळ खंडांचा हा नियम मी कुठे लिहिलेला पाहिला नाही, पण मोडलेलाही पाहिला नाही. हरवतो तो कधी ‘ढ’चा खंड नसतो. ज्या खंडाची गरज पडते तोच कुणीतरी आधी नेलेला असतो, कारण त्यालाही तीच गरज होती. त्या गावातही कुणाचे तरी खापरपणजोबा पानिपतावर होते, आणि त्यांच्या खापरपणतवाने तो खंड १९६०-६२च्या सुमारास घरी नेला, तो अजून परत केलेला नाही. दंडाची रक्कम काढायचा मोह मी आवरला.

वाचनालयाच्या माणसाने एकोणीस खंडांवर ब्रिटानिकाच्या १९११च्या आवृत्तीचा एक सुटा खंड फुकट दिला होता, अठरावा. जुन्या ब्रिटानिकाच्या पाठीवर पहिल्या आणि शेवटच्या नोंदीचं नाव छापलेलं असतं. यावर आहे ‘मेडल ते मम्प्स’. पदकापासून गालगुंडापर्यंत! चौदाव्या खंडावर ‘हजबंड ते इटालिक’ असतं, म्हणजे नवरा सरळ सुरू होतो आणि शेवटी तिरका होतो. अठ्ठावीस खंडांत सगळं जग मावलं असं त्या लोकांना मनापासून वाटत होतं. तीनच वर्षांनी पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि निम्मे नकाशे बाद झाले. पण म्हणूनच मला जुने कोश आवडतात. आजचं ज्ञान फोनवर दर तासाला बदलतं आणि वर माफीही मागत नाही. जुना कोश एकदा चुकला की शंभर वर्षं ठामपणे चुकलेला राहतो. त्याच्याशी भांडता येतं.

आणि लोक भांडलेत. माझ्या खंडांच्या समासात पेन्सिलीने एक पूर्ण वाचनालय नांदतंय. एकाने लिहिलंय, “साफ चूक.” खाली दुसऱ्या अक्षरात, “पुरावा?” त्याखाली पहिल्याचं, “वाचा खंड ‘प’.” आणि अगदी तळाशी तिसऱ्याच कुणीतरी जांभळ्या शाईत, “पुस्तकात लिहू नये.”

‘प’ नाही म्हटल्यावर मी बाकीच्या कपाटाकडे वळलो. इथे थोडं साताऱ्याविषयी सांगायला हवं, कारण जाड पुस्तकांचा संसर्ग या पट्ट्यात फार जुना आहे. ग्रँट डफ हा स्कॉटिश कप्तान १८१८ ते १८२२ इथे रेसिडेंट होता. छत्रपतींचा कारभार बघता बघता त्याने मराठ्यांचा इतिहास जमवला आणि १८२६मध्ये लंडनहून त्याचे तीन खंड काढले. त्यावर नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी ऐन तारुण्यात अशी टीका केली, की मराठी इतिहासलेखन खडबडून जागं झालं. पलीकडे वाईत राजवाड्यांनी १८९८मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. पुढे त्याचे बावीस झाले. मराठी विश्वकोशाचं बिऱ्हाडही तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्र्यांमुळे वाईलाच पडलं. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला आणि विसावा पुरा व्हायला २०१५ उजाडलं. ‘अ’च्या वेळी ज्याची मुंज झाली तो ‘ह’पर्यंत मुलासाठी स्थळं बघायला लागला. पारसनिसांनी कागदांचा मोठा संग्रह केला तोही साताऱ्यात. तो पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. साताऱ्यातलं जे जे चांगलं ते शेवटी पुण्याला जातं, यावर मी इथे काही बोलत नाही.

राजवाड्यांचा पहिला खंड म्हणजे नेमका १७५० ते १७६१चा पत्रव्यवहार. म्हणजे पानिपतच. मी हर्षाने उघडला, आणि आधी लागली प्रस्तावना. राजवाड्यांच्या प्रस्तावना हा घाटरस्ता आहे. दृश्य अप्रतिम, पण गाव कधी येईल ते सांगता येत नाही. पुढे लोकांनी त्या प्रस्तावनांचंच वेगळं पुस्तक केलं, यावरून काय ते समजा. दोन दिवसांनी मी घाट उतरून पत्रांत आलो आणि हबकलोच. मला वाटलं होतं तलवारी खणखणतील. इथे खणखणतो तो पैसा, आणि तोही न आल्याचा आवाज. भाऊसाहेब उत्तरेतल्या आपल्या मामलेदारांना लिहितायत की ऐवज पाठवा, रसद पाठवा, अजून का पाठवला नाही. थकलेल्या हप्त्याची स्मरणपत्रं लिहिण्यात माझी तीस वर्षं गेली. सदाशिवरावभाऊंबद्दल एवढी आपुलकी मला कुठल्याच कादंबरीने वाटू दिली नव्हती. दिल्लीत तर त्यांनी बादशाही दिवाणखान्याचं चांदीचं छत उतरवून त्याचे सुमारे नऊ लाख रुपये पाडले. वसुली थकली की माणूस काय करतो ते कचेरीतल्या माणसालाच कळतं.

आमचं आडनाव मात्र कुठे आलं नाही.

ईराचा निरोप आला, “आजोबा, एनी लक?” मी कळवलं की पुण्याला पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत आणि सरदेसायांनी त्यातून निवडून पंचेचाळीस खंड छापलेत, ते बघावे लागतील. तिने विचारलं, “हँकी का ठेवल्यात एवढ्या?” मग रुमाल म्हणजे कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं, हे समजावण्यात एक रविवार गेला.

मधल्या काळात मी १८८५चा सातारा जिल्ह्याचा गॅझेटियर काढला. कँपबेलसाहेबाच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्याचे जे खंड निघाले त्यातला हा एकोणिसावा. त्यात पानिपत मिळण्याची शक्यता नव्हतीच, पण गॅझेटियर कुणी काही शोधायला उघडत नाही. दळण आणायला निघालेला माणूस जसा कट्ट्यावर बसतो तसा तो उघडायचा असतो. किती किल्ले, कुठल्या नदीला कुठे उतार, लग्नाला खर्च किती आणि बारशाला किती, घरात भांडी कुठली. आणि मग एकेका जातीवर दोन-तीन विशेषणांचा शिक्का. कष्टाळू पण कर्जबाजारी. नेटके पण भांडखोर. साहेबाच्या हाताखालच्या माणसांनी लाखो लोकांचा स्वभाव असा ओळीओळीत निकालात काढलाय. बायकोने आमच्या लोकांची ओळ वाचली आणि ‘काटकसरी’ या शब्दाखाली नखाने खूण केली. दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज सरकारशी तिचं एवढं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग उरला कुलवृत्तांत. आमच्या घराण्याचा आहे, जाड पुठ्ठ्याचा, आत लंबगोल फोटो. सगळ्या मिशा एकाच माणसाच्या वाटतात. कुलवृत्तांत ही मराठीतली सर्वांत काटकसरी भाषा आहे. आख्खं आयुष्य चार शब्दांत. “मॅट्रिक. रेल्वेत. मधुमेह. पुत्र ३.” लेकी असल्या तर “कन्या २” आणि पुढे त्या ज्या घरात गेल्या तिथलं आडनाव. काही नोंदींवर मात्र मी तासन्‌तास अडकलो. एकापुढे नुसतंच ‘परागंदा’. एकापुढे ‘तंजावरास गेला’. का गेला? कुणाशी भांडून? कुलवृत्तांत गप्प. आमचा तंजावरचा माणूस कुठल्या यादीत सापडत नाही, पण तिथल्या भोसल्यांनी बाकी शहाणपणा केला. सरफोजी राजांनी १८०३मध्ये घराण्याचा सगळा इतिहास मराठीत बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर कोरून घेतला. भिंत कुणी वाचायला घरी नेत नाही.

आपला मुलूख सोडून गेलेल्यांच्या पुस्तकांचं नशीब तर फारच लांबचं असतं. कोकणातले बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनिवार तेली म्हटले जाणारे. त्यांचा इतिहास हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७मध्ये लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७मध्ये, तेल अवीवला. चाळीस वर्षं हस्तलिखित पडून, आणि तोवर केहिमकर हे जग सोडून गेलेले. पुस्तक आधी तिकडे पोचलं, मग त्यातली बरीच माणसं पोचली. ‘अ’ची वाट बघणाऱ्या ज्ञानकोशाच्या वर्गणीदारांना मी हे सांगितलं असतं.

आता लढाईचाच प्रश्न होता म्हणून शेजारच्या सुभेदारांकडे गेलो. त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते. त्यांच्या घरात त्याला ‘बसऱ्याची लढाई’ म्हणतात. कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या, पाच महिने उपासमार, २९ एप्रिल १९१६ला शरणागती. सुभेदारांकडे पलटणींच्या जुन्या इंग्रजी इतिहासांच्या झेरॉक्स आहेत. त्यांनी मला एक पान दाखवलं. साहेब असेल तर नाव, दोन-तीन आद्याक्षरं, पदक, जखम उजव्या खांद्याला की डाव्या. आणि खाली ‘अदर रँक्स’ आणि एक आकडा. “आमचे आजोबा या आकड्यात आहेत,” सुभेदार म्हणाले. “बसऱ्याला स्मारक बांधलं तिथेही तसंच. हिंदी अंमलदारांची नावं, शिपायांचा आकडा.” मग चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, “आकडा आम्ही पाठ केलाय.”

परत येताना मला ते पानिपतचं सावकारी पत्र आठवलं, जे प्रत्येक मराठी पोराला शाळेत सांगतात. त्यात मोती किती गेले, मोहरा किती गेल्या ते सांगितलंय, आणि खुर्दा, म्हणजे चिल्लर, किती गेला त्याला गणतीच नाही म्हटलंय. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा म्हणजे सरदार. आम्ही सगळे पानिपतवाले इतकी वर्षं स्वतःला मोहरांत शोधतोय. माझी तर गेला महिनाभर सगळी पुस्तकं मोहरांचीच उघडून झाली. आमचा माणूस असलाच तर खुर्द्यात असणार, आणि खुर्द्याची सूची कुणी छापत नाही.

मी हे घरी बोलून दाखवलं. बायको भाजी निवडत होती. म्हणाली, “तो अप्पांचा कागद वाचून घ्या की एकदा. ट्रकभर पुस्तकं वाचलीत, पण घरातला एक कागद नाही वाचला.”

काकांनी परवानगी दिली ती ईरासाठी. वाईहून एक मोडी जाणणारे गुरुजी आणले. काकांनी स्वतः पेटी उघडली, लाल फडकं सोडलं. देवघरात आम्ही आठजण, भिंतीला टेकवलेल्या फोनवर ईरा, तिच्याकडे पहाटेचे साडेसहा. गुरुजींनी कागद उजेडात धरला. वर्षानुवर्षांच्या हळदकुंकवाने पहिल्या दोन ओळी भगव्या झाल्या होत्या आणि सालाचा कोपरा उंदराने खाल्ला होता. त्यांनी एकदा मनात वाचलं. मग काकांकडे पाहिलं. मग पुन्हा वाचलं.

“ही सनद नाही,” ते म्हणाले. “अर्ज आहे. म्हणजे अर्जाची नक्कल.”

“कसला?”

“तुमच्या मूळ पुरुषाने कमाविसदाराला लिहिलाय. हिंदुस्थानच्या स्वारीस सामान वाहायला सरकारातून बैल नेला. तो परत आला नाही. सबब या सालच्या वसुलीत सूट द्यावी.”

कुणी काही बोललं नाही. एवढी वर्षं दसऱ्याला आम्ही ज्याला फुलं वाहिली ती बैलाच्या नुकसानभरपाईची नक्कल होती, आणि मंजूर झाल्याचा शेराही त्यावर नव्हता. मला तर थकलेल्या दाव्याची फाईल पुन्हा उघडल्यासारखं वाटलं. साल नाही, त्यामुळे ती स्वारी पानिपतचीच का, हेही गुरुजी सांगेनात. पण विळी, अडकित्ता, पाना आणि हा कागद, सगळे एका ओळीत बसले होते ते आता जरा जास्तच शोभून दिसले.

फोनमधून ईराचा आवाज आला. “सो, बैल गेला होता? आपल्यातला बैल?”

“हो,” मी म्हणालो.

“कूल! हा प्रायमरी सोर्स आहे!” तिकडे वहीची पानं फडफडली. “पणजोबा, बैलाचं नाव काय होतं?”

मी तोंड उघडणार होतो की एवढ्या जुन्या कागदात नाव कुठून असणार, आणि गॅझेटियरच्या शेतीच्या प्रकरणात जिल्ह्यातल्या बैलांची मोजदाद आहे तीही १८८५च्या सुमारची, नुसत्या आकड्यांत. पण काकांनी हात वर केला. चष्मा काढला, फडक्याने पुसला, पुन्हा घातला.

“मोत्या,” काका म्हणाले. आवाजात तसूभरही शंका नव्हती. “शेवटपर्यंत मागे हटला नाही, बरं का.”